बारापैकी बारा

माझ्या ताईचं लग्न एका चौकोनामुळे मोडलं. चौकोन करंगळीच्या नखाएवढा, आणि तोही अर्धाच रंगवलेला. अजूनही आठवलं की माझं डोकं तापतं, म्हणून सगळं लिहून काढायला बसले आहे. लिहिताना मी कुणाचीही बाजू सांभाळून घेणार नाही, हे आधीच सांगते.

मी अन्वी लांजेवार, आठवीत आहे. आमचं गाव खैरटोला, भंडाऱ्याकडचं, तलावाच्या काठचं. घरात आम्ही पाच जण आहोत: आजी, आई, बाबा, मोठी ताई शर्वरी आणि मी. ताई तलावावरच्या मत्स्यबीज केंद्रात काम करते. माशांची पिल्लं मोजणारी, पाण्यातला प्राणवायू तपासणारी सगळी यंत्रं तिच्या ताब्यात असतात. एखादं यंत्र अडलं तर ती त्याच्याशी भांडून ते चालू करते. तिथेच निनाद हटवार काम करतो. दोघं एकमेकांना आवडायची, दोन्ही घरांना ते ठाऊक होतं आणि दोन्ही घरं राजी होती. साक्षगंधाची (साखरपुड्याची) तारीखसुद्धा निघाली होती. राहिलं होतं फक्त जनुकपत्र पाहणं.

जनुकपत्र म्हणजे पंचविशीच्या आतल्या प्रत्येकाला आरोग्य खात्याकडून मिळणारी पातळ पट्टी. काचेसारखी आरपार दिसते. तिच्यावर बारा चौकोन असतात, बारा आनुवंशिक (आईवडिलांकडून मुलांकडे येणाऱ्या) आजारांसाठी एकेक. चौकोन कोरा असतो, अर्धा रंगलेला असतो किंवा पूर्ण रंगलेला. पत्रासोबत माहितीची एक छापील घडीही येते. ती आमच्या गावात कुणी उघडून वाचल्याचं मला आठवत नाही. आमच्या घरी आलेल्या घडीत आजीने लवंगा बांधून ठेवल्या होत्या.

लोकांना वाटलं, त्यात वाचायचं काय? पत्रिका कशी पाहायची हे सगळ्यांना येतंच. मुलाची आणि मुलीची घ्यायची, गुण मोजायचे, जितके जास्त जुळतील तितकं चांगलं. जनुकपत्रांचंही तेच सुरू झालं. मुलाचं पत्र मुलीच्या पत्रावर ठेवायचं, दोन्ही उजेडाकडे धरायची आणि एकावर एक सारखे आलेले चौकोन मोजायचे. दहा जुळले तर ठीक, अकरा जुळले तर छान, आणि बारापैकी बारा जुळले की पेढे. ही रीत कुणी काढली ते माहीत नाही, पण दोन-तीन वर्षांत ती अशी पक्की झाली की जणू पूर्वापार चालत आली आहे.

निनादचे वडील हटवारकाका त्याला घेऊन पत्रं पाहायला आमच्या ओसरीवर आले. निनादचे बाराही चौकोन कोरे होते. ताईचा सातवा चौकोन अर्धा लाल होता.

"अकरा," काका म्हणाले. मग पट्टी आणखी उंच धरून त्यांनी पुन्हा पाहिलं. "बाकी घरं कोरी हायत. हे एकच काहून भरलं?"

"तसं काही नाही जी," बाबा म्हणाले. "पोट्टी धडधाकट हाय."

"धडधाकट हाय त लाल काहून?"

काकांनी सातव्या चौकोनाखालची बारीक अक्षरं वाचली: सिकल सेल. हा शब्द आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. कुणाच्या तरी घरात हाडं धरून रडणारं मूल लोकांनी पाहिलेलं असतं. काकांनी चहाचा कप खाली ठेवला, तो तसाच राहिला. निनाद शेजारी बसून स्वतःच्या चपलांकडे बघत होता. तलावावर ताईशी तासन्‌तास बोलणारा हा माणूस आमच्या ओसरीवर एक शब्द बोलला नाही. मला हटवारकाकांपेक्षा त्याचाच जास्त राग आला.

लग्न मोडून ते गेल्यावर आजीने आईला धरलं. "तुह्या माहेरूनच आलं हे. आमच्या घरान्यात असं काही नव्हतं."

आईने कप उचलले आणि ती आत गेली. आजी आईला असं काहीतरी नेहमीच सुनावते. माझे दात किडले तेही आईच्या माहेरून, बाबांचं टक्कल तेवढं देवाच्या मर्जीने.

पुढे आठ दिवसांत आजीने नवीन स्थळ आणलं. मुलगा प्रज्वल, पवनीकडचा, आजीच्या सख्ख्या बहिणीच्या मुलीचा मुलगा. म्हणजे नात्याने आमचा लांबचा आतेभाऊ, आणि आमच्यात आतेभावाशी लग्न चालतं. त्याच्याही जनुकपत्रावर सातवा चौकोन अर्धा लाल होता. आजीने दोन्ही पत्रं एकावर एक ठेवून खिडकीत धरली. ताईच्या चौकोनात लाल रंग वरच्या अर्ध्यात होता, प्रज्वलच्या चौकोनात खालच्या, कारण मुलींच्या आणि मुलांच्या पत्रांची छपाई वेगळी असते. त्यामुळे सातवं घर आता पूर्ण लाल दिसत होतं.

"बारापैकी बारा," आजी म्हणाली. "अन् पाहा, अर्धं हिचं, अर्धं त्याचं, घर कसं भरून निघालं. तेहिले बी डाग, हिले बी डाग. कोनी कोनाले नाव ठेवनार नाही."

त्याच संध्याकाळी गल्लीत पेढे वाटले गेले. मी ताईला विचारलं, तुला हे चालतं का? ती म्हणाली, "करू दे काय करतात ते." यंत्राशी भांडणारी माझी ताई असं म्हणाली, तेव्हा मला इतका राग आला की मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही.

रागाच्या खाली मला एक कोडं मात्र छळत होतं. ताई आणि मी एकाच आईबापांच्या मुली. तिचा सातवा चौकोन अर्धा लाल आणि माझा कोरा, असं कसं? आई-बाबा दोघंही ठणठणीत आहेत. मग हा लाल रंग आला कुठून, आणि तो माझ्याकडे का आला नाही? घरात विचारलं तर पुन्हा आईचं माहेर निघालं असतं. म्हणून मी सुईबाईकडे गेले.

सुईबाई म्हणजे आमच्या आरोग्य उपकेंद्रातला यंत्रमानव. चार हात, खाली चाकं, आणि एका हाताच्या टोकाला रक्त काढायची सुई, म्हणून गावाने तिचं नाव सुईबाई ठेवलं. ती बनली पुण्याला, त्यामुळे बोलते अगदी पुस्तकासारखं. म्हातारी माणसं तिला घाबरतात, सुईला नाही, भाषेला.

मी तिला हाक मारत दार धाडकन उघडलं.

"तुझा आवाज आणि नाडी दोन्ही जोरात आहेत," सुईबाई म्हणाली. "ताप आहे का?"

"राग हाय."

"रागावर माझ्याकडे औषध नाही. कारण सांगितलंस तर ऐकून घेईन."

"माह्या ताईचं रक्त खराब हाय का?"

"दुसऱ्याच्या रक्ताविषयी मी त्याच्या परवानगीशिवाय बोलत नाही."

"मंग माह्याबद्दल सांग. माह्या घरात काहीच काहून नाही?"

हे तिला सांगता येत होतं. तिने सुयांची टोपणं भरलेला डबा पुढे ओढला. त्यात पांढरी आणि लाल अशी दोन रंगांची टोपणं होती.

"तुझ्या शरीरात कोट्यवधी पेशी आहेत," ती म्हणाली. "जवळजवळ प्रत्येक पेशीत शेहेचाळीस गुणसूत्रं (धाग्यासारख्या बारीक रचना) असतात. त्यांच्या तेवीस जोड्या असतात. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून येतं, एक वडिलांकडून. गुणसूत्रांवर जनुकं (शरीर कसं घडवायचं आणि चालवायचं याच्या सूचना) असतात. आता सांग, गुणसूत्रं जोडीने आहेत, तर एकेक सूचना तुझ्याकडे किती वेळा आहे?"

"दोनदा. एक आईची, एक बाबांची."

"बरोबर. त्यातली एक सूचना हिमोग्लोबिनची आहे. हिमोग्लोबिन म्हणजे रक्ताच्या तांबड्या पेशींमधला, प्राणवायू वाहून नेणारा पदार्थ. काही माणसांच्या या सूचनेत एक, फक्त एक अक्षर बदललेलं असतं. नेहमीची सूचना म्हणजे हे पांढरं टोपण. बदललेली सूचना म्हणजे हे लाल."

तिने माझ्यासमोर तीन जोड्या मांडल्या. पहिली पांढरं-पांढरं. हिचा चौकोन कोरा. दुसरी पांढरं-लाल. अशा माणसाला वाहक म्हणतात. एक सूचना नेहमीची असल्यामुळे त्याचं काम भागतं आणि तो सहसा आयुष्यभर निरोगी राहतो. चौकोन अर्धा लाल. तिसरी लाल-लाल. इथे नेहमीची सूचना उरतच नाही. तांबड्या पेशी गोल राहत नाहीत, वाकून विळ्यासारख्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडं दुखतात, डोळे पिवळे पडतात, रक्त कमी होतं. चौकोन पूर्ण लाल. हा आजार.

मी दुसऱ्या जोडीवर बोट ठेवलं. "म्हणजे अर्धं लाल म्हणजे अर्धा आजारी नव्हे?"

"नव्हे. आजारी नव्हेच."

"हे तू हटवारकाकाले काहून नाही सांगितलं?"

"त्यांनी विचारलं नाही. मला खात्याने विचारल्यावर उत्तर द्यायला शिकवलं आहे."

मी टेबलाच्या पायाला लाथ मारली. टेबल लोखंडी होतं. सुईबाईने माझ्या अंगठ्यावर बर्फाची पिशवी ठेवली.

"आता तुझं कोडं," ती म्हणाली. "समजा, आईवडिलांपैकी एकाकडे दोन्ही पांढरी आहेत आणि दुसऱ्याकडे एक पांढरं, एक लाल. मूल होताना प्रत्येक जण आपल्या दोनपैकी एकच सूचना देतो. कोणती द्यायची हे कुणी ठरवत नाही. डोळे मिटून उचल."

तिने तशी दोन-दोन टोपणं दोन वाट्यांत टाकली, आणि मी प्रत्येक वाटीतून एकेक उचलत गेले. उचलायचं, पाहायचं, परत टाकायचं. वीस वेळा उचललं. अकरा वेळा पांढरं-पांढरं आलं, नऊ वेळा पांढरं-लाल. लाल-लाल एकदाही आलं नाही.

"यायचं कुठून?" मी म्हणाले. "एका वाटीत लाल हायच नाही."

म्हणजे माझं कोडं एवढंच होतं. आई-बाबांपैकी कुणीतरी ताईला लाल दिलं आणि मला पांढरं. चिठ्ठी उचलल्यासारखं. त्यात ना ताईचा दोष, ना माझी हुशारी. आणि ताईने निनादशी लग्न केलं असतं, तर त्याच्याकडे दोन्ही पांढरी असल्यामुळे त्यांच्या एकाही मुलाला हा आजार झाला नसता. फार तर एखादं मूल ताईसारखं वाहक झालं असतं.

मग सुईबाईने दुसऱ्या वाटीतही एक टोपण बदललं. आता दोन्ही वाट्यांत एक पांढरं, एक लाल. "पुन्हा उचल."

तिसऱ्याच वेळी माझ्या दोन्ही हातांत लाल टोपणं आली. मी त्यांच्याकडे बघत बसले.

"दोघं वाहक असतील तर प्रत्येक मुलाच्या वेळी चारात एक शक्यता अशी असते," सुईबाई म्हणाली. "पण याचा अर्थ पहिली तीन मुलं निरोगी आणि चौथं आजारी असा नाही. प्रत्येक वेळी नव्याने उचलायचं असतं. चारही निरोगी असू शकतात. लागोपाठ दोन आजारी असू शकतात."

"ताई अन् प्रज्वल," मी म्हणाले. "आजीनं त पेढे वाटले."

मग मी तिला पत्रं एकावर एक ठेवायची रीत सांगितली.

"पत्र आरपार बनवलं आहे ते त्यासाठीच," ती म्हणाली. "दोन अर्धे रंग एकमेकांवर येऊन चौकोन पूर्ण भरला, तर ती सावध होण्याची खूण आहे. म्हणजे थांबा, उपकेंद्रात या, सल्ला घ्या. माहितीच्या घडीत पहिल्याच ओळीत लिहिलं आहे."

आमच्या घडीत लवंगा होत्या. धोक्याच्या खुणेवर गावाने पेढे वाटले होते, आणि ज्या अकराने काहीच बिघडणार नव्हतं त्यावर लग्न मोडलं होतं. मला आजीचा राग आला, गावाचा आला, आणि ज्या खात्याने पट्ट्या वाटल्या पण घरोघरी बसून दोन वाक्यं सांगितली नाहीत त्याचा तर फारच आला.

"मंग दोन वाहकांनी लग्न करूच नये का?" मी विचारलं.

"तसं कुणीही म्हणू नये. माहीत असेल तर गर्भ लहान असतानाच तपासणी करता येते, सल्ला घेता येतो, उपचारांची तयारी ठेवता येते. निर्णय त्या दोघांचा. पण माहीत असायला हवं, आणि डाग वगैरे शब्द तर मुळीच नकोत. तुला ठाऊक आहे का, ही बदललेली सूचना तुमच्या भागात इतकी का आढळते? पूर्वी इथे हिवतापाने (मलेरियाने) पुष्कळ मुलं दगावत. ज्यांच्याकडे एक लाल आणि एक पांढरं होतं, त्यांना तीव्र हिवतापापासून थोडं संरक्षण मिळे. ती मुलं जगली, मोठी झाली आणि त्यांनी ही सूचना पुढे दिली. एकेकाळी याच लाल टोपणाने तुमच्या पूर्वजांना वाचवलं आहे."

बाहेर पडताना दारात आई भेटली. मी विचारलं, तू इथे कशी? ती म्हणाली डोकं दुखतंय, गोळी घ्यायला आले. माझं डोकं प्रज्वलमध्ये अडकलं होतं, म्हणून मी पुढे काही विचारलं नाही.

रात्री मी घरात सांगायचा प्रयत्न केला. बाबा म्हणाले, परीक्षेचा अभ्यास कर. आजी म्हणाली, ते पुण्याची मशीन आपल्याले काय शिकवनार. ताईने मात्र पूर्ण ऐकलं आणि दिवा मालवला. ती झोपली नव्हती, हे मला तिच्या कुशी बदलण्यावरून कळत होतं.

रविवारी सकाळी साक्षगंध होतं. प्रज्वल, त्याची आई आणि आणखी चार-पाच माणसं आली. ओटीचं ताट सजलं: तांदूळ, नारळ, हळकुंडं, सुपाऱ्या, खारका. ताई हिरव्या साडीत पाटावर बसली. आजीने सगळ्यांना दोन्ही पत्रं पुन्हा एकदा खिडकीत धरून दाखवली, आणि माझ्याने राहवलं नाही. मी ताटाशेजारी जाऊन बसले आणि दोन सुपाऱ्या, दोन खारका उचलल्या.

"अन्वी, आत जा," बाबा म्हणाले.

"नाही जात."

"काहून वं," आजी म्हणाली, "चार लोकांत घरान्याची लाज काढून राहिली?"

"मी नाही, तुम्ही काढून राहिले," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता आणि मला तो उतरवायचा नव्हता. मी थेट प्रज्वलपुढे दोन वाट्या ठेवल्या. एकेका वाटीत एक सुपारी, एक खारीक. "सुपारी म्हनजे नेहमीची सूचना, खारीक म्हनजे बदललेली. ही वाटी तुम्ही, ही माही ताई. डोळे मिटा अन् दोन्हीतून एक-एक काढा. जे हातात येईन ते तुमचं पोरगं."

कुणीतरी हसलं. प्रज्वल हसला नाही. त्याने डोळे मिटून उचललं. सुपारी आणि सुपारी. मग सुपारी आणि खारीक. मग पुन्हा दोनदा तेच. पाचव्या वेळी त्याच्या दोन्ही मुठींत खारका आल्या.

"हे पोरगं आजारी," मी म्हणाले. "हाडं दुखनारं. हे आजीचं भरून निघालेलं घर."

प्रज्वल खारकांकडे पाहत राहिला. "मले कोनी सांगितलंच नाही," तो म्हणाला. "आई म्हने, आपल्यासारखीच हाय, नाव ठेवनार नाही."

तेव्हा ताई पाटावरून उठली. तिने पदर खोचला, जसा ती यंत्र उघडायच्या आधी खोचते. "साक्षगंध आज होनार नाही," ती म्हणाली. "प्रज्वल, तुम्ही वाईट नाही. मीही नाही. पण ठरवताना मले कोनी विचारलंच नव्हतं, अन् मी बी मुकाट बसली. ते माह्यं चुकलं."

ओसरीवर कुजबुज सुरू झाली. आजीचा चेहरा रागाने तांबडा झाला होता. ती वळली ती सरळ आईकडे. "तुह्याच रक्तानं हा दिवस दाखवला."

आई आत गेली. मला वाटलं, नेहमीसारखी गेली. पण ती कपाटातून एक कागद घेऊन आली आणि तिने तो ओटीच्या ताटात ठेवला. उपकेंद्राचा कागद होता, पाच दिवसांपूर्वीचा. बाराही चौकोन कोरे.

"आत्याबाई, हे माह्यं रक्त," आई म्हणाली. ती आजीला आत्याबाई म्हणते. "वाचून घ्या. नाही त अन्वी वाचून दाखवीन."

मला वाचायची गरज नव्हती. आईच्या वाटीत लाल नव्हतंच, म्हणजे ताईचं लाल बाबांकडून आलं होतं. बाबांकडे ते त्यांच्या आईकडून किंवा वडिलांकडून आलं असणार. आणि प्रज्वल आजीच्या सख्ख्या बहिणीचा नातू. दोन बहिणींच्या दोन नातवंडांत एकच खूण. खात्री देता आली नसती, प्रज्वलकडे ती दुसऱ्या कुणाकडूनही आलेली असू शकते. पण अंदाज मला आला होता, आणि बाबांच्या तोंडाकडे पाहून कळलं की त्यांनाही आला होता. बारापैकी बारा जुळले होते, ते बहुतेक दोन्ही पत्रं एकाच घरातून निघाली होती म्हणून.

आजी किती तरी वेळ त्या कागदाकडे पाहत होती. तिला वाचता येतं, पण ती वाचत नव्हती. मग तिने चपला घातल्या. "चला," ती म्हणाली. "त्या मशीनीकडं चला. माह्यं बी रक्त पाहू द्या तिले."

पाहुणे निघून गेले आणि आम्ही पाचही जण उपकेंद्रात गेलो. सुईबाईने आजीच्या बोटातून थेंब घेतला, आजीची परवानगी घेतली, मग सांगितलं. आजी वाहक होती.

आजीने बोट दाबून धरलं होतं. मला वाटलं ती सुईबाईवर ओरडेल. ती म्हणाली, "मले दोन लेकरं अजून होती. याच्या पहिले." तिने बाबांकडे बोट केलं. "दोघाहिचे बी हातपाय सुजत होते. डोळे पिवळे. रातभर रडत. माही सासू म्हने, हिच्या दुधात दोष हाय, हे दूध पाजून मारते. दुसऱ्या वेळेस त मले पाजूच दिलं नाही."

तिने बोट सोडलं आणि सुईबाईकडे पाहिलं.

"ते माह्या दुधानं नाही गेले?" आजीने विचारलं.

"नाही," सुईबाई म्हणाली. "दुधाचा संबंध नाही. त्यांचं रक्त तपासता येणार नाही, म्हणून मी शंभर टक्के सांगू शकत नाही. पण ही लक्षणं सिकल सेलचीच वाटतात. तसं असेल तर एक सूचना तुमच्याकडून आली आणि एक त्यांच्या वडिलांकडून. दोघांकडून आल्याशिवाय हा आजार होत नाही. तुम्हा दोघांना ते ठाऊक असण्याचा मार्गच नव्हता."

"आता असते त जगले असते?"

"बहुतेक जगले असते. आता जन्मल्याबरोबर तपासणी होते, औषधं आहेत, अशी मुलं शाळेत जातात, नोकऱ्या करतात. ती बदललेली सूचनाच दुरुस्त करायचे उपचारही पुढे सरकत आहेत. तुमच्या नातींच्या मुलांच्या वेळी ते अगदी गावातही मिळावेत, असं मला वाटतं." मग तिने पडद्यावर आमच्या घराचा वंशवृक्ष (कोण कुणाचं मूल हे दाखवणारा तक्ता) काढला आणि बाबांच्या शेजारी दोन रिकामी वर्तुळं जोडली. "नावं सांगता?"

"नामदेव," आजी म्हणाली. "तीन वर्साचा होता. अन् कुंदा. दीड."

बाबा पंचेचाळीस वर्षांचे आहेत. आपल्याला भाऊ-बहीण होती एवढं त्यांना माहीत होतं, पण ती नावं त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

आजी आईकडे वळली. "माह्या सासूनं मले बोललं, अन् मी तुले बोलली, वंदना. लय बोलली."

"हो," आई म्हणाली. "चोवीस वर्स."

आजी मान हलवत राहिली. आईने तिला 'नाही, असू द्या' असं काही म्हटलं नाही. मला आईचा अभिमान वाटला.

आम्ही घराकडे निघालो, पण आजी आमच्या गल्लीत वळली नाही. ती सरळ चालत राहिली, आणि ती कुठे चालली आहे हे ताईला सगळ्यात आधी कळलं. "आजी, मी त्याहिच्या घरी येनार नाही," ती म्हणाली.

"तुले कोन बोलावलं?" आजी म्हणाली. "मी जाते."

ताई खरंच कोपऱ्यावर थांबली. बाकी आम्ही मागे मागे गेलो. हटवारकाका अंगणात बसले होते आणि निनाद बादलीत जाळं धूत होता. आजी फाटक उघडून आत गेली. शेजारच्या दोन्ही घरांतली माणसं बाहेर आली, आणि आजीने त्यांनाही ऐकू जाईल असा आवाज काढला.

"हटवार, ते लाल घर माह्यं हाय. माह्या सुनेचं नाही, नातीचं नाही, माह्यं. तुमच्या पोट्ट्याची सारी घरं कोरी, म्हनून तुमच्या नातवाले आजार होनार नाही, मशीनीले जाऊन विचारा. फार त तो माह्यावानी होईन, अन् मी सत्तर वर्साची होऊन तुमच्या अंगनात भांडाले आली." मग ती निनादकडे वळली. "अन् तू रे. माही नात कोपऱ्यावर उभी हाय. तुले तोंड हाय का नाही ते ती पाहीन, अन् मंग ती ठरवीन."

निनादने जाळं बादलीत टाकलं आणि तो ओल्या हातांनीच फाटकाबाहेर धावला.